कल्याण ते फोर्ट रोजचा प्रवास: मोटारसायकल की लोकल? खर्चाचा हिशेब तपासून हवा आहे

प्रश्न: खडकपाडा_कल्याण

नमस्कार. मी कल्याण पश्चिमेला खडकपाड्याजवळ राहतो. गेल्या महिन्यात माझी बदली ठाण्याहून फोर्टला झाली, त्यामुळे आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे जवळपास 54 किलोमीटर, रोज जाणे-येणे करावे लागणार आहे. कामाची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी साडेसहा असून महिन्याला सरासरी 24 दिवस हजेरी असते. माझ्याकडे 125 सीसीची चार वर्षे जुनी मोटारसायकल आहे, ती आतापर्यंत 38000 किलोमीटर चालली आहे आणि तिची स्थिती चांगली आहे. ठाण्याला मी तिनेच जात होतो.

मी मांडलेला हिशेब असा. खडकपाड्याहून दुर्गाडी पूल, कोन, रांजणोली नाका, माजिवडा आणि पुढे पूर्व द्रुतगती महामार्गाने गेल्यास एका बाजूचे अंतर सुमारे 55 किलोमीटर होते. म्हणजे दिवसाला 110 आणि महिन्याला 2640 किलोमीटर. वाहतुकीत माझी गाडी लिटरला 48 किलोमीटर देते. टाकी पूर्ण भरून तीन वेळा मोजल्यावर हा आकडा आला आहे, कंपनीने सांगितलेला तो नाही. त्यानुसार महिन्याला 55 लिटर पेट्रोल लागेल आणि लिटरला 104 रुपये धरल्यास 5720 रुपये होतील. दुसरीकडे लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास 315 रुपयांचा आहे. घर ते स्थानक शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन 40 रुपये धरले तर महिन्याला 960 रुपये वाढतात. एकूण 1275 रुपये. दोन्हींमधला फरक सुमारे साडेचार हजारांचा येतो.

हा फरक मला परवडणारा आहे. गर्दीच्या वेळी डब्यात शिरण्याचा माझा अनुभव चांगला नाही. मागच्या आठवड्यात दोनदा गाडी सोडून द्यावी लागली आणि एकदा दारात लटकून डोंबिवली ते ठाणे प्रवास करावा लागला. 9 जून 2025 ला दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दारात उभे असलेले प्रवासी पडून जो अपघात झाला, तेव्हापासून घरचेही धास्तावले आहेत. म्हणून महिन्याला साडेचार हजार रुपये जास्त देऊन मोटारसायकलने जावे, असे मनाने जवळजवळ ठरवले आहे. या हिशेबात काही सुटले आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1: गॅरेजचा_हिशेब

आपला हिशेब पेट्रोलपुरता बरोबर आहे, परंतु मोटारसायकलचा खर्च पेट्रोलवर थांबत नाही. माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाड्या माझ्याकडे नियमित येतात, त्यामुळे हा विषय जरा सविस्तर मांडतो. महिन्याला 2640 म्हणजे वर्षाला जवळपास 32000 किलोमीटर होतात. ठाण्याला जाताना आपली गाडी चार वर्षांत जेवढी चालली, जवळपास तेवढी ती आता सव्वा वर्षात चालेल. चार वर्षांत जे सुटे भाग बदलावे लागले, ते आता सव्वा वर्षात बदलावे लागतील.

प्रत्येक खर्च किलोमीटरमागे किती पडतो ते पाहू, कारण असे मांडल्याशिवाय खरा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. पेट्रोल 104 भागिले 48, म्हणजे 2 रुपये 17 पैसे. ऑइल बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांना ते 3000 किलोमीटर असते, काहींना 6000. पण भिवंडीच्या कंटेनरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास तास चालणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे ऑइल मी 3000 च्या पुढे जाऊ देत नाही. ऑइल, मजुरी आणि धुलाई मिळून 900 रुपये धरले तर 30 पैसे. मागचा टायर 25000 आणि पुढचा 35000 किलोमीटर चालतो असे धरले तर दोन्ही मिळून 14 पैसे. चेन आणि स्प्रॉकेटचा संच 7 पैसे. ब्रेक शू, क्लच प्लेटा, केबली, चाकांचे आणि स्टिअरिंगचे बेअरिंग, एअर फिल्टर, प्लग, शॉक-अब्सॉर्बरचे सील या सगळ्यांचे, गाडी नवी असती तर मी 12 पैसे धरले असते. 38000 किलोमीटर झालेल्या गाडीला 25 पैसे धरावेत. हे आकडे माझ्या गॅरेजमधल्या अनुभवाचे आहेत. आपल्याकडे ते थोडे वर-खाली होतील.

आता घसारा. हा खर्च दर महिन्याला खिशातून जात नाही, म्हणून तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपली गाडी आज विकली तर 45000 रुपये येतील असे समजू. दोन वर्षे या मार्गावर चालवल्यावर तिचे एकूण एक लाखावर किलोमीटर होतील आणि तेव्हा 15000 रुपये मिळाले तरी चांगले समजावे. म्हणजे दोन वर्षांत 30000 रुपये गेले. यातला काही भाग गाडी घरी उभी ठेवली तरी जाणारच होता, कारण गाडीचे वयही वाढतेच. तो 12000 धरून वजा करू. उरलेले 18000 रुपये सुमारे 63000 किलोमीटरवर वाटले की किलोमीटरमागे 29 पैसे येतात. विमा आणि पीयूसी मी मुद्दाम धरत नाही. गाडी घरी ठेवली तरी कधीमधी वापरणारच, तेव्हा तो खर्च दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

सर्वांची बेरीज 3 रुपये 22 पैसे होते. त्याला 2640 ने गुणल्यावर महिन्याला 8500 रुपये येतात. आपल्या 5720 पेक्षा हे पावणेतीन हजारांनी जास्त आहेत. यात पंक्चर, पावसाळ्यात खड्ड्यात आदळून वाकलेली रिम, फुटलेला आरसा किंवा इंडिकेटर धरलेला नाही.

उद्या कोणी या प्रवासासाठी नवी गाडी घेण्याचा विचार करत असेल तर त्याच्यासाठीही एक आकडा देऊन ठेवतो. रस्त्यावर येईपर्यंत एक लाख दहा हजारांना पडलेली गाडी तीन वर्षांत 95000 किलोमीटर चालवून तीस हजारांना विकली, तर केवळ घसारा किलोमीटरमागे 84 पैसे होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे खरेदी स्वस्त झाली हे खरे. परंतु नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीचा भावही खाली येतो, हे विकताना लक्षात येते.

प्रतिसाद 2: दोन_तपांचा_पास

मी चोवीस वर्षे कल्याणहून मुंबईला लोकलने जात आहे. वरच्या हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे रेल्वेची बाजू, थोडी नीट मांडावी असे वाटते, कारण प्रश्नकर्त्यांनी लोकलचा विचार करताना फक्त सर्वांत स्वस्त पर्याय धरला आहे आणि त्याची तुलना मोटारसायकलच्या सोयीशी केली आहे.

पासाचा दर कसा बसतो ते आधी सांगतो. कल्याण ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचे एका वेळचे तिकीट 15 रुपये आहे. रोज तिकीट काढून 24 दिवस गेलात तर 720 रुपये होतील. मासिक पास 315 चा असल्याने अकराव्या दिवशी तो वसूल होतो आणि पुढचे सगळे दिवस जमेचे. तीन महिन्यांच्या पासाला मासिकाच्या 2.7 पट, सहा महिन्यांच्या पासाला 5.4 पट आणि वर्षाच्या पासाला 10.8 पट रक्कम लागते. म्हणजे तीन महिन्यांचा पास साधारण 850 रुपयांत येतो आणि महिन्याचा खर्च 283 वर उतरतो. तीस-बत्तीस रुपयांची ही बचत लहान वाटेल, पण दर महिन्याला पास संपल्याची तारीख विसरण्याचा धोका टळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. संपलेल्या पासावर तपासनीसाने पकडले तर भरावा लागणारा दंड ही बचत एका दिवसात खाऊन टाकतो.

पहिल्या वर्गाचा मासिक पास हजार रुपयांच्या घरात जातो आणि वातानुकूलित लोकलचा दोन हजारांच्या थोडा वर. मे 2022 मध्ये वातानुकूलित लोकलचे आणि पहिल्या वर्गाचे एका वेळचे भाडे जवळपास निम्मे करण्यात आले, परंतु ती कपात पासांना मिळाली नाही, म्हणून हे पास अनेकांना महाग वाटतात. आपल्या बाबतीत मात्र तुलना दुसऱ्या वर्गाच्या पासाशी नको. ती साडेआठ हजारांच्या मोटारसायकलशी करा. वातानुकूलित पास आणि शेअर रिक्षा मिळून महिन्याला 3100 रुपये होतात. त्यात शेअर रिक्षाऐवजी सकाळ-संध्याकाळ स्वतंत्र रिक्षा केली आणि तिचे दिवसाला शंभर रुपये धरले, तरी 4500 च्या आसपास बसते. म्हणजे रेल्वेत जी सोय विकत घेता येते ती सगळी घेऊनही खर्च मोटारसायकलच्या निम्म्यापर्यंतच पोहोचतो. गर्दी टाळण्यासाठी साडेचार हजार रुपये जास्त द्यायची आपली तयारी आहे ना? मग त्यातले दोन-अडीच हजार रेल्वेतच खर्च करून पाहा.

गर्दीबद्दल आपण लिहिलेले शब्दशः खरे आहे आणि दिवा-मुंब्र्याच्या वळणाची भीती मलाही वाटते. दारात लटकून जाण्यापेक्षा गाडी सोडावी, असे मी नव्या माणसाला नेहमी सांगतो. परंतु आपण कल्याणला राहता, डोंबिवलीला किंवा दिव्याला नाही, हे आपले मोठे भाग्य आहे. कल्याणहून सुटणाऱ्या गाड्या आहेत. कर्जत, कसारा, बदलापूर, अंबरनाथहून येणाऱ्या भरलेल्या जलद गाडीच्या मागे न धावता कल्याणहून सुटणारी गाडी धरा आणि ती फलाटाला लागण्यापूर्वी दहा मिनिटे आधी उभे राहा. धीमी गाडी मिळाली तर पाऊण तास नाही, पण वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागतील, मात्र बसून जाल. दहाच्या कामासाठी साडेसातच्या आत निघणाऱ्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. फलाटावर कोणता डबा कुठे थांबतो, हे पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. परतीला तर आपली गाडी सीएसएमटीहूनच सुटते, तिथे फोर्टातून चालत दहा मिनिटे आधी पोहोचलात तर खिडकी मिळो न मिळो, जागा नक्की मिळते.

प्रतिसाद 3: रात्रपाळी_भायखळा

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून पटले. तरी मी स्वतः गेली सहा वर्षे कल्याण पूर्वेहून भायखळ्याला मोटारसायकलने जातो, त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते. माझे काम रात्री दीडला संपते. त्यानंतर पहाटेपर्यंत लोकल नाही. फलाटावर अडीच-तीन तास बसून राहण्यापेक्षा रिकाम्या रस्त्याने तास-सव्वा तासात घरी पोहोचणे मला आणि घरच्यांना बरे वाटते. त्या वेळी वाहतूक नसल्याने माझ्या गाडीचा सरासरी आकडा 56 च्या पुढे जातो. म्हणजे मोटारसायकल ही वेळेच्या पलीकडच्या माणसाची गरज आहे. आपल्या दहा ते साडेसहाच्या वेळेला तोच रस्ता अगदी वेगळा असतो.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान रांजणोली नाका ते साकेत पूल या टप्प्याला कधी पंचवीस मिनिटे लागतात, कधी सव्वा तास. मेट्रोच्या कामांमुळे अरुंद झालेले रस्ते आणि गोदामांकडे जाणारे कंटेनर यांच्यामधून दुचाकी काढता येते असे वाटते, पण तेच सर्वांत धोक्याचे ठिकाण आहे. कल्याण-शीळ मार्गाने जायचे म्हटले तरी तिथेही मेट्रोचे काम आणि शीळफाट्याची कोंडी आहेच. पुढे भायखळ्याहून आपल्याला जे. जे. उड्डाणपूल वापरता येणार नाही, कारण त्यावर दुचाकींना बंदी आहे. खालून मोहम्मद अली मार्गाने जावे लागेल आणि शेवटच्या तीन किलोमीटरना कधीकधी वीस मिनिटे लागतील. टोलचा प्रश्न दुचाकीला कधी नव्हताच, एवढीच जमेची बाजू. फोर्टात दुचाकी उभी करायची जागा मिळेल का, याची चौकशी मात्र कार्यालयात आधी करून घ्या. चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलली गेली की दंडापेक्षा ती सोडवून आणण्यात गेलेला अर्धा दिवस जास्त महाग पडतो.

शरीराचाही हिशेब यात धरावा असे वाटते. मला तिसऱ्या वर्षी कंबरेचा त्रास सुरू झाला. मणक्यांतली गादी दबल्याचे निदान झाले आणि दोन महिने फिजिओथेरपी घ्यावी लागली. दिवसाला 110 किलोमीटर, तेही खड्ड्यांतून, हा भार आपल्याला चाळिशीच्या आत जाणवणार नाही कदाचित, पण तो साठत जातो.

प्रतिसाद 4: टिटवाळा_महिला_डबा

एक मुद्दा कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहिते. लोकलमधला सव्वा तास आणि मोटारसायकलवरचे पावणेदोन तास हे घड्याळात मोजताना सारखेच मिनिटांचे असतात, पण त्यांचा उपयोग सारखा नसतो. मी टिटवाळ्याहून महिला डब्यातून जाते. बसायला मिळते त्या दिवशी वाचते, भाजी निवडते किंवा सरळ झोपते. आमच्या डब्यातल्या दोन मैत्रिणींनी याच प्रवासात विभागीय परीक्षेचा अभ्यास पूर्ण केला. मोटारसायकलवर प्रत्येक क्षणी डोळे रस्त्यावर असावे लागतात. घरी पोहोचल्यावर उरलेली शक्ती कोणत्या बाजूला जास्त असेल, याचा विचार व्हावा.

माझे यजमान आणि मी सहा महिने एकाच मोटारसायकलने ठाण्यापर्यंत जाऊन पाहिले होते, तेव्हा दोघांत खर्च वाटला जाईल असे वाटले होते. मागे माणूस बसल्यावर गाडीचा आकडा 48 वरून 43 वर आला आणि मागचा टायर लवकर झिजला. आपल्या अंतरावर तोच हिशेब लावला तर महिन्याला नऊ हजारांच्या वर जाईल आणि दोघांत वाटूनही माणशी साडेचार हजार पडतील. दोघांनाही लोकल स्वस्तच पडली.

अपघाताच्या संरक्षणाबद्दलही घरात बोलून घ्यावे. रेल्वेत वैध तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाचा गाडीतून पडून मृत्यू झाला, तर रेल्वे कायद्यानुसार वारसांना आठ लाख रुपयांची भरपाई मिळते. म्हणून पास संपलेला नसणे हे केवळ दंडापुरते महत्त्वाचे नाही. मोटारसायकलच्या विम्यात मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण केवळ तृतीय पक्षाचा विमा नूतनीकरण करताना ते घेतले आहे की नाही, हे पॉलिसीवर वाचून पाहा. अनेकांच्या पॉलिसीवर ते नसते आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

प्रतिसाद 5: गॅरेजचा_हिशेब

टिटवाळ्याच्या ताईंनी विम्याचा मुद्दा काढला ते फार चांगले झाले. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांवर हे संरक्षण घेतलेलेच नसते.

प्रश्नकर्त्यांना आणखी एक व्यवहार्य पर्याय सुचवतो. मोटारसायकल विकू नका, परंतु तिचा वापर घर ते कल्याण स्थानक एवढाच ठेवा. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर धरले तर महिन्याला दोनशे किलोमीटरच्या आत चालेल, पेट्रोल साडेचारशे रुपयांच्या आत बसेल आणि वाहनतळाचे शुल्क वेगळे. शेअर रिक्षाच्या 960 शी तुलना केली तर पैशांचा फरक नगण्य आहे, पण पावसात रिक्षाच्या रांगेत उभे राहणे वाचते. फक्त इतके थोडे चालणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटर पाहून बदलू नका, सहा महिन्यांनी बदला. विजेवरच्या स्कूटरबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो, या स्थानकापर्यंतच्या फेरीसाठी ती उत्तम आहे. मात्र रोजच्या 110 किलोमीटरना फोर्टात दिवसा चार्जिंगची खात्रीची सोय असल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नये.

प्रतिसाद 6: खडकपाडा_कल्याण (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गॅरेजच्या हिशेबानुसार मी माझ्या जुन्या पावत्या काढून पाहिल्या. चार वर्षांत 38000 किलोमीटरमध्ये पेट्रोल सोडून मी 31400 रुपये खर्च केले होते, म्हणजे किलोमीटरमागे 83 पैसे. यात दोन विमा हप्ते आणि एकदा पडल्यावर झालेला खर्चही आहे. ते वजा केल्यावर आकडा 70 पैशांच्या खाली येतो, म्हणजे आपण दिलेल्या 76 पैशांच्या फार जवळ. हा खर्च मी केलाच नव्हता अशा समजुतीत इतकी वर्षे होतो, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

या आठवड्यात तीन दिवस कल्याणहून सुटणारी गाडी धरून पाहिली. पहिल्या दिवशी उभे राहावे लागले, पण आत, पंख्याखाली. उरलेले दोन दिवस बसून गेलो. पहिल्या वर्गाचा तीन महिन्यांचा पास काढण्याचे ठरवले आहे. कार्यालयात साडेनऊ ते सहा अशी वेळ मिळावी म्हणून अर्जही दिला आहे. मोटारसायकल स्थानकापर्यंत आणि मेगाब्लॉकच्या रविवारी कामावर जावे लागले तर ठेवतो आहे. पुढच्या महिन्यात विमा संपतो, त्या वेळी मालक-चालकाचे संरक्षण घेतल्याची खात्री करून घेईन.

एकच शंका उरली आहे. कल्याण स्थानकाच्या पश्चिमेला सकाळी साडेसातच्या सुमारास दुचाकी लावायला खात्रीने जागा मिळेल असे वाहनतळ कोणते आणि तिथे मासिक शुल्काची सोय आहे का?

प्रतिसाद 7: दोन_तपांचा_पास

मासिक शुल्काची सोय ठेकेदाराप्रमाणे बदलते, म्हणून जाऊन प्रत्यक्ष विचारणे बरे, आणि पैसे दिले की शिक्क्याची पावती घ्यावी. जागेचे म्हणाल तर सातच्या आत पोहोचणाऱ्याला मिळते, साडेसातला शोधावी लागते. सुरुवातीचा महिनाभर शेअर रिक्षानेच या. गाडीची वेळ पक्की बसल्यावर मग वाहनतळाचे पैसे भरा.